आईचे मिस्टर

मी ठाण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते, आणि आजवर माझं डोकं सगळ्यात जास्त कोणत्या शब्दाने खाल्लं असेल तर ते 'मिस्टर'ने. मुलांना सांगून सांगून घसा बसला की बाबांनो, हा शब्द एकटा फिरत नाही, त्याच्या पाठीमागे आडनाव लागतं. मुलं माना डोलावतात आणि निबंधात बिनधास्त लिहितात, 'माझ्या आईचे मिस्टर बँकेत आहेत.' तेही इंग्रजीत! एका मुलीचं हे वाक्य मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सगळ्याजणी पोट धरून हसल्या. गणिताच्या बाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, पण त्यात चुकलं काय? आमचे मिस्टरही बँकेतच आहेत की."

आता यांना काय शिकवायचं, कप्पाळ!

दोष त्यांचा नाही. मी डोंबिवलीत वाढले आणि आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक बाईला एकेक मिस्टर होते. नवरा कोणालाच नव्हता. 'नवरा' हा भांडणातला शब्द, भिंतीपलीकडून ऐकू यायचा तेवढाच. 'यजमान' सत्यनारायणाच्या पूजेपुरते, 'पती' टीव्हीवरच्या मालिकेत. भांडी घासायला येणाऱ्या मावशी 'आमचं मालक' म्हणायच्या. माझी आजी, म्हणजे आईची आई, राजापूरकडच्या खेड्यात राहायची आणि आजोबांना 'आमच्याकडचे' म्हणायची, तेही पदर सावरून. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. आई लग्न होऊन डोंबिवलीत आली तेव्हा तिच्याकडे बाबांसाठी शब्दच नव्हता. इथे तिला पहिल्या मजल्यावरचा ब्लॉक मिळाला, गॅस मिळाला आणि शेजारणींकडून 'मिस्टर' मिळाला. तिन्ही गोष्टी तिने फार जपून वापरल्या.

तोंडावर ती बाबांना 'अहो' म्हणायची, आम्हा घरच्यांशी बोलताना 'हे', आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की 'मिस्टर'. आणि त्या मिस्टरांचा तिला केवढा उपयोग! दारावर कोणी काही विकायला आलं की 'मिस्टर घरी नाहीत.' नकोशा लग्नाला जायचं नसलं की 'मिस्टरांना बरं नाही.' भिशीत पडायचं नसलं की 'मिस्टरांना असलं काही चालत नाही हो.' बाबांना काय काय चालत नाही हे बाबांना कधी कळलंच नाही. बिल्डिंगमधल्या बायका त्यांना जरा टरकूनच असायच्या. आणि बिचारे बाबा असे गरीब, की भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवून उठतील.

बाबाही काही कमी नव्हते. ते आईला 'मिसेस' म्हणायचे. 'आमच्या मिसेसना विचारतो', 'मिसेस गावाला गेलीय'. एकमेकांची नावं या दोघांनी लग्नात घेतली असतील, त्यानंतर मी तरी ऐकली नाहीत. मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, अरे-तुरे करते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आईच्या कपाळावरची आठी अजून जात नाही. एकदा मी तिला चिडवलं, "आई, इंग्रजीत मिस्टरचा असा अर्थच नाहीये मुळी."

"इंग्रजांना नसेल," आई म्हणाली. "आम्हाला आहे."

बाबांबद्दल अजून एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ते एका सरकारी कचेरीत होते आणि परक्या बाईसमोर त्यांची जी काही तारांबळ उडायची ती बघण्यासारखी असायची. आई घरात नसताना एखादी शेजारीण साखर मागायला आली, की बाबा दार सताड उघडायचे, "बसा, मिसेस येईलच," म्हणायचे आणि स्वतः जाऊन गॅलरीत उभे राहायचे. शेअर रिक्षात मागच्या सीटवर बाई येऊन बसली, की हे उठून पुढे ड्रायव्हरशेजारी, अर्धं अंग बाहेर. मला तेव्हा भयंकर लाज वाटायची. आई मात्र सगळ्यांना सांगायची, "आमचे मिस्टर फार सभ्य." जणू काही तिनेच घडवलं होतं त्यांना.

अलीकडे बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. आम्ही हसण्यावारी नेलं. वय झालं की व्हायचंच, असं म्हणून. मग एकदा ते फाटकापर्यंत गेले आणि आपली बिल्डिंग कोणती तेच त्यांना सुचेना, तेव्हा हसणं बंद झालं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. विसरणं थांबणार नाही, जरा सावकाश होईल, हेही डॉक्टरांनी सांगितलं. आईने मान हलवली आणि गोळ्या कोणत्या जेवणाआधी, कोणत्या नंतर, एवढंच विचारलं.

आणि एका दुपारी आईचा फोन आला. मी नुकतीच शाळेतून वर्तकनगरला माझ्या घरी पोचलेले. आई हसत होती. "अगं, आज यांनी माझी काय चेष्टा केली माहितीये? चहा दिला हातात, तर मला म्हणतात, वहिनी, तुमचे मिस्टर काय करतात?"

मीही हसले. मग पलीकडून काही आवाजच येईना. मला वाटलं फोन कट झाला.

"चेष्टाच असेल ना गं?" आई म्हणाली.

मी चपला काढल्याच नव्हत्या. तशीच निघाले.

चेष्टा नव्हती. बाबांनी मला ओळखलं, अगदी नावाने हाक मारली, शाळा कशी चाललीय विचारलं. मग हळूच कानाशी येऊन म्हणाले, "या वहिनी फार चांगल्या आहेत गं. पण रोज येतात. संध्याकाळ झाली तरी जात नाहीत. त्यांच्या घरचे काय म्हणतील? तू सांग बघू त्यांना." आणि थोड्या वेळाने, "तुझी आई कुठे गेली गं? कधी येणारे?"

आई तिथेच बसून तांदूळ निवडत होती.

त्या दिवसापासून घराची पार रया गेली. माणूस विसरतो ते समजण्यासारखं आहे, पण आजारातही बाबा आपली सभ्यता जराही विसरले नाहीत, हे आमचं दुर्दैव. परक्याची बायको आपल्या खोलीत नको, म्हणून आई हॉलमध्ये गादी घालून झोपायला लागली. आंघोळीच्या वेळी तिने टॉवेल पुढे केला तरी बाबा दार आतून लावून घ्यायचे, आणि आई बाहेर उभी राहून ते पडत तर नाहीत ना म्हणून कान लावून ऐकायची. सगळ्यात वाईट जेवणाचं. ताट वाढलं की बाबा त्यावर दुसरं ताट झाकून ठेवायचे. "मिसेस आली की जेवतो." ती समोर उभी, आणि हे तिची वाट बघत उपाशी! शनिवार-रविवार मी गेले की माझ्या हातून चार घास जायचे. इतर दिवशी दूध-बिस्किटावर निभावायचं. त्यांचे शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले.

आम्ही शहाणपणा करायला गेलो तो अंगाशी आला. लग्नाचा अल्बम काढला. कल्पना माझीच. आईला म्हटलं, ती जुनी जांभळी साडी नेस, तशीच नथ घाल, मग बघू कसे ओळखत नाहीत ते. आई या वयात नथ घालून लाजत लाजत येऊन बसली. बाबांनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मला वाटलं, झालं, जिंकलो. "ही बघ माझी मिसेस," ते मला म्हणाले. फोटोवरून बोट फिरवलं. मग मान वर करून त्यांनी आईकडे बघितलं, खूप वेळ. "नाक तिच्यासारखंच आहे तुमचं," ते म्हणाले. "तुम्ही तिची बहीण का?"

माझा तोल गेला. "बाबा, अहो, हीच आई आहे! हीच!" मी ओरडले. बाबा लाल झाले. उठले, गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, ते काही केल्या आत येईनात. आईने नथ काढली. "ओरडू नकोस त्यांच्यावर," ती म्हणाली. "घाबरलेत ते. परक्या बाईसमोर त्यांना असं कधी कोणी बोललं नाही."

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी वजन बघून तोंड वाकडं केलं. हे असंच चाललं तर घरी ठेवणं जमणार नाही, सरळ म्हणाले. म्हणून मी शहाडजवळची एक जागा बघून आले. अशी माणसं सांभाळणारी. जागा स्वच्छ होती, माणसं वाईट नव्हती, मागे झाडं होती. व्हरांड्यात म्हातारे ओळीने बसले होते आणि एक बाई एकेकाला भरवत होती. मी आईला हे सगळं नीट, समजुतीच्या सुरात सांगितलं.

"तिथे बायाच भरवतात?" आईने विचारलं.

"हो, शिकलेल्या असतात त्या."

"त्या कोणाच्या मिसेस नसतात वाटतं?"

मग ती पदराने डोळे पुसत एकदम म्हणाली, "मला नाही गं राहता येणार त्यांच्याशिवाय. तू काहीही म्हण. मला भीती वाटते." माझी आई मला कधी भीती वाटते म्हणाली नव्हती. साप निघाला तरी झाडू घेऊन उभी राहणारी बाई ती. मी म्हटलं, बरं, नवरात्र होऊ दे, मग ठरवू. म्हटलं खरं, पण मनात मी ठरवूनच टाकलं होतं. बाबा झिजत चालले होते आणि ते मला बघवत नव्हतं.

नवरात्र तोंडावर आलं होतं त्या रविवारी मी तिथेच होते. आईने वरणभात, बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी केली होती. बाबांच्या आवडीची. मी भरवायला पुढे झाले तर त्यांनी माझाही हात बाजूला केला. त्यांचं लक्ष आईकडे होतं.

"वहिनी, तुम्ही जा आता घरी," ते म्हणाले. अगदी काकुळतीला येऊन. "जेवायची वेळ झाली. तुमचे मिस्टर थांबले असतील."

आई हातात डाव घेऊन उभी. मला वाटलं आता ही रडणार. तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि भिशीवाल्या बायकांशी बोलायची ना, तंतोतंत त्या आवाजात ती म्हणाली, "मिस्टरांनीच पाठवलंय मला."

"अं?"

"हो ना. मी म्हणत होते, लोकांच्या घरी कशाला जायचं उगाच? पण आमच्या मिस्टरांपुढे काही चालतं का? म्हणाले, शेजारच्यांच्या मिसेस गावाला गेल्यात, त्यांच्या जेवणाखाण्याचं तू बघ. अजिबात हयगय करायची नाही म्हणाले."

बाबा विचारात पडले. आईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मिस्टरांच्या नावावर खोटं बोलण्याची तिची उभ्या आयुष्याची तालीम!

"त्यांना विचारून आलात?" बाबांनी खात्री करून घेतली.

"न विचारता मी कधी कुठे जाते का?"

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले आणि ताटावरचं ताट त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं. "भला माणूस दिसतोय."

आईने भात कालवला. पहिला घास बाबांनी घेतला, दुसरा घेतला, काचऱ्या अजून आहेत का विचारलं. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. आणि खरं सांगते, मध्येच हसूही येत होतं.

मग काय, मिस्टरांनी कारभारच हातात घेतला. मिस्टर म्हणाले, शेजारच्या साहेबांची नखं कापून दे. मिस्टर म्हणाले, आंघोळीचं पाणी तू बघून देत जा, फरशी निसरडी असते. मिस्टर म्हणाले, वयस्कर माणसाला रात्री खोलीत एकटं ठेवायचं नाही. या शेवटच्या गोष्टीवर बाबांनी एक दिवस विचार केला आणि दार उघडं ठेवायच्या अटीवर मान्यता दिली. आईची गादी हॉलमधून खोलीत गेली. बाबांच्या गालांवर जरा मांस दिसायला लागलं. शहाडचा विषय मी पुन्हा काढला नाही.

मला वाटलेलं एवढ्यावरच थांबेल. पण बाबांना आता त्या मिस्टरांबद्दल कुतूहल वाटायला लागलं. ते विचारायचे आणि आई सांगायची. मी कित्येकदा आतल्या खोलीत पेपर तपासत बसून ऐकलंय. एकदा म्हणाली, "माझ्या मुलीच्या वेळेला, पोटात होती ती, आणि आमच्याकडे पाण्याची बोंब. ऑफिसला जायच्या आधी मिस्टर खालून सगळं पाणी भरून आणायचे. आणि लोकांना काय सांगायचे? डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय म्हणून!" ती मुलगी म्हणजे मी. मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं. बाबा खूप हसले. "हुशार आहे," म्हणाले.

तक्रारीही व्हायच्या. "एकदाही नाटकाला घेऊन गेले नाहीत मला. एकदासुद्धा. मला इतकी हौस होती."

"हे चुकलं त्यांचं," बाबा गंभीर होऊन म्हणाले.

"सांगते त्यांना."

"रागावून नका सांगू. पण सांगा."

"आणि इतकी वर्षं हातचं जेवतात, पण छान झालंय असं एकदा तोंडातून निघालं नाही."

बाबा म्हणाले, "काही माणसांना बोलता येत नाही हो, वहिनी. मनात असतं."

"असेलही," आई म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला. दारापाशी जाऊन बघायची माझी हिंमत झाली नाही.

नंतर एकदा भाजी निवडताना मी तिला विचारलं, तुला त्रास नाही का होत या सगळ्याचा? ते तुला वहिनी म्हणतात, तू स्वतःच्याच नवऱ्याची परकी होऊन बसतेस. आई मेथीची पानं खुडत राहिली. "होतो की," ती म्हणाली. "का नाही होणार? पण बघ, यांच्याबद्दल मी सगळ्या डोंबिवलीशी बोलले. यांच्याशीच बोलायचं राहिलं होतं." आणि वर मलाच ओरडली, "देठं टाकू नकोस एवढी, सगळी भाजी कचऱ्यात घालतेस."

मागच्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती म्हणून मी दुपारीच गेलेले. बाबा खुर्चीत, आई समोर वेताच्या मोड्यावर. तिने त्यांचा चहा बशीत ओतला, फुंकर घालून निववला आणि बशी त्यांच्या हातात दिली. बाबांचे हात आता कापतात, म्हणून तिने खालून आपला हात तसाच धरून ठेवला. परक्या बाईचा हात लागतोय म्हणून बाबांनी तो काढून घेतला नाही. चहा पिऊन झाल्यावर ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"तुम्ही सारखं त्यांच्याबद्दल सांगता," ते म्हणाले, "आता मला त्यांना भेटावंसं वाटतं. एकदा घेऊन या तुमच्या मिस्टरांना. माझी मिसेसही येईलच आता. ती आली की चौघं मिळून चहा घेऊ."

"हो, घेऊ ना," आई म्हणाली. बशी तिने अजून धरलेलीच होती. "मलाही फार भेटायचंय हो त्यांना."

"कोणाला? माझ्या मिसेसना?"

"दोघांनाही," आई म्हणाली.